डायलिसिसमध्ये कुठलं अँटिबायोटिक निघून जातं, कुठलं राहतं?

धंतोली_युनिट
नमस्कार मंडळी. आमचं सहा मशीनचं युनिट आहे. मशीनजवळ लावायला एक तक्ता करतोय: कुठलं अँटिबायोटिक सेशनच्या आधी गेलं तरी चालतं आणि कुठलं नंतरच द्यायचं. सध्या "सगळी इंजेक्शनं डायलिसिसनंतर" एवढाच नियम भिंतीवर आहे. सकाळी सातच्या शिफ्टला वॉर्डातून पेशंट येतो तेव्हा सहाचा डोस नसेत गेलेला असतो, मग तो फुकट गेला की नाही, परत द्यायचा की नाही, हे कुणी सांगत नाही.

दुसरा मुद्दा उलट बाजूचा. व्हॅन्कोमायसिनची लेव्हल (रक्तातलं प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) ४८ आली किंवा सेफेपिममुळे पेशंट गुंगीत गेला, तर औषध मुद्दाम बाहेर काढायला किती तास चालवायचं? पंप किती? चारकोलचं कार्ट्रिज (औषध कोळशावर शोषून घेणारी डबी) लागतं का? आमच्याकडे हाय-फ्लक्स (पडद्याची भोकं मोठी) आणि लो-फ्लक्स (भोकं बारीक) दोन्ही डायलायझर, म्हणजे रक्त गाळायचे फिल्टर, आहेत. रियूजही होतो, म्हणजे तोच धुऊन परत वापरतो.

तिसरं म्हणजे भंडारा-गोंदियाचे पेशंट. सुई निघाली की त्यांचा एक डोळा घड्याळावर. त्यांना सेशननंतर तासभर ड्रिप लावून बसवणं जमत नाही.

औषधांच्या_खोलीतून (क्लिनिकल फार्मासिस्ट)
तक्ता करण्याआधी तीन गोष्टी डोक्यात ठेवल्या की अर्धा तक्ता आपोआप होतो: रेणूचा आकार, रक्तातल्या प्रथिनांना चिकटण्याचं प्रमाण, आणि औषध शरीरात किती पसरतं ते. औषध "स्ट्राँग" आहे की साधं, याचा काही संबंध नाही.

पसरण्यापासून सुरू करते, कारण तिथेच जास्त गोंधळ होतो. अमिकासिन पेशींबाहेरच्या पाण्यातच राहतं, किलोमागे साधारण पाव लिटर. ६० किलोच्या माणसात ते १५ लिटरच्या टाकीत आहे असं धरा. अझिथ्रोमायसिनचा तोच आकडा किलोमागे ३१ लिटर, म्हणजे त्याच माणसात १८६० लिटरची टाकी! अर्थात एवढं पाणी कुणाच्याच अंगात नसतं. याचा अर्थ इतकाच की औषध ऊतींमध्ये जाऊन बसलंय आणि रक्तात त्याचा किरकोळ अंश आहे. तुम्ही चार तास रक्त कितीही धुवा, गोदामातला माल जागचा हलत नाही. लिव्होफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनही डायलिसिसने फारसे निघत नाहीत.

आता चिकटणं. पडद्यातून फक्त मोकळं औषध जातं. सेफ्ट्रियाक्झोन ८५ ते ९५ टक्के प्रथिनांना बांधलेलं असतं, शिवाय पित्तावाटेही जातं. त्यामुळे ते आधी दिलं काय, नंतर दिलं काय, जादा डोस लागत नाही. डॉक्सिसायक्लिन, क्लिंडामायसिन, टायजेसायक्लिन, रिफॅम्पिसिन याच रांगेत. मेरोपेनेम जेमतेम २ टक्के चिकटतं, म्हणून एका सेशनमध्ये निम्म्याच्या आसपास जातं. या नियमाला सेफाझोलिन हा मात्र अपवाद. कागदावर ते ८० टक्के बांधलेलं, पण युरिया वाढलेल्या रक्तात ते बंधन सैल होतं आणि हाय-फ्लक्सवर ते चांगलंच निघतं. तक्त्यात त्याला "नंतर" मध्येच टाका.

आकाराचा प्रश्न खरा येतो तो व्हॅन्कोमायसिनमध्ये. मेरोपेनेम, सेफेपिम, अमिकासिन हे सगळे ४०० ते ६०० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आसपासचे, लो-फ्लक्समधूनही जातात. व्हॅन्कोमायसिन १४५० च्या आसपास आहे. लो-फ्लक्सची भोकं त्याला अपुरी पडतात, हाय-फ्लक्सची पुरतात. "व्हॅन्को डायलिसिसने जात नाही, आठवड्यातून एकदा १ ग्रॅम द्या" हे जे अजून ऐकू येतं, ते लो-फ्लक्सच्या काळातलं आहे. आज हाय-फ्लक्स लावून तोच डोस चालू ठेवला तर तिसऱ्या दिवशी लेव्हल तळाला गेलेली असते आणि कॅथेटरचं इन्फेक्शन तसंच. टायकोप्लॅनिन त्याहून मोठं आणि ९० टक्क्यांवर बांधलेलं, त्यामुळे प्रत्येक सेशननंतर त्याची भर लागत नाही.

"नंतरच द्या" या रकान्यात: मेरोपेनेम, सेफेपिम, सेफ्टाझिडिम, सेफाझोलिन, पिपरासिलिन-टाझोबॅक्टम, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, अमिकासिन, जेंटामायसिन, मेट्रोनिडाझोल, कोलिस्टिन, हाय-फ्लक्स असेल तर व्हॅन्कोमायसिन. लिनेझोलिड तीन तासांच्या सेशनमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास जातं. दिवसाला दोन डोस असतातच, त्यातला एक सेशन संपल्यावर येईल अशी वेळ लावली की वेगळं काही करावं लागत नाही. टीबीच्या पेशंटचं पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल डायलिसिसनंतर. सकाळची गोळी घेऊन येऊ नका, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

सहाचा डोस गेला आणि सातला मशीन लागलं, तर? पिपरासिलिन-टाझोबॅक्टममध्ये ३० ते ४० टक्के जातं, त्यासाठी सेशननंतर ०.७५ ग्रॅम जादा, हे छापील माहितीपत्रकातच आहे. मेरोपेनेमचा दिवसाचा एकच डोस असेल आणि तोच आधी गेला असेल, तर डॉक्टरांना विचारून नंतर पुन्हा द्यावा लागतो. खरा उपाय हा की डायलिसिसच्या दिवशी त्या डोसची वेळच दुपारी दोनची लिहायची.

एक गोष्ट तक्त्याच्या वरच ठळक लिहा: पहिला डोस किडनी पाहून कमी करायचा नाही. पहिला डोस टाकी भरण्यासाठी असतो आणि टाकीचा आकार किडनी ठरवत नाही. कपात पुढच्या डोसपासून.

मूत्र_आणि_मात्रा (नेफ्रॉलॉजी रेसिडेंट)
काढून टाकण्याबद्दल लिहितो.

सेफेपिम आधी, कारण ते लवकर ओळखू येत नाही. किडनी बंद, आणि डोस मात्र २ ग्रॅम दर आठ तासांनी चालू राहिलेला. चौथ्या दिवसाच्या आसपास पेशंट नाव सांगायला वेळ लावतो, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, हात समोर धरायला सांगितले तर झटके येतात. घरचे म्हणतात ताप डोक्यात गेला. बऱ्याचदा ही अंग न हलवता चालू असलेली फिट असते आणि ईईजीशिवाय कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्ये याबद्दल वेगळा इशारा काढला होता, विशेषतः किडनीच्या पेशंटमध्ये डोस न बदलल्यास.

डायलिसिसवरच्या पेशंटमध्ये सेफेपिम आपणहून निम्मं व्हायला सरासरी साडेतेरा तास लागतात. तीन तासांच्या सेशनमध्ये शरीरातलं साधारण ६८ टक्के जातं. म्हणजे नुसतं थांबून जे व्हायला जवळजवळ दिवस लागेल, ते तीन तासांत होतं. औषध बंद करा आणि ४ तासांचं सेशन घ्या: मिनिटाला रक्त २५० ते ३०० मिली, डायलायसेट (पडद्यापलीकडून वाहणारं द्रावण) ५०० मिली. अंगातलं पाणी काढायची गरज नसेल तर यूएफ (पाणी काढणं) नाममात्र. चारकोल लागत नाही. हे औषध पाण्यात विरघळणारं, लहान आणि मोकळं आहे, साधा डायलायझरच त्याला उत्तम. चारकोलने प्लेटलेट आणि कॅल्शियम उतरतं, साखरही घसरू शकते, हेपरिन जास्त लागतं, आणि काही तासांत कार्ट्रिज भरून जातं. एवढा त्रास आणि खर्च या औषधासाठी कशाला?

यात घोळ कुठे होतो ते सांगतो. पेशंटला फिटसाठी लेव्हेटिरासिटाम चालू केलेलं असतं. तेही चार तासांत निम्मं निघून जातं. सेशननंतर २५० ते ५०० मिलिग्रॅमची भर दिली नाही तर संध्याकाळी पुन्हा झटके येतात आणि सगळे म्हणतात डायलिसिसचा उपयोग झाला नाही. दुसरं, सेफेपिम बंद करून मेरोपेनेम लावलं आणि पेशंट व्हॅल्प्रोएटवर असेल, तर मेरोपेनेम व्हॅल्प्रोएटची लेव्हल पाडतं. ही जोडी टाळायची. तिसरं, पेशंटचं आयुष्यातलं पहिलंच डायलिसिस असेल आणि युरिया २५० असेल, तर औषध काढायच्या घाईत ४ तास पूर्ण वेगाने चालवू नका. मेंदूला सूज येऊन गुंगी वाढेल आणि ती औषधाची की सेशनची हे कुणालाच कळणार नाही. अशा वेळी दोन-अडीच तास, पंप १५० ते २००, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

पोटॅशियम आधी बघा. ते ३.६ असताना नेहमीचं २ चं बाथ (२ पोटॅशियमचं डायलायसेट) लावून लांब सेशन केलं तर औषध जाईल, पण हृदयाचा ठोका बिघडेल. ३ किंवा ४ चं बाथ मागवा.

आता व्हॅन्को ४८. पेशंट ६० किलोचा, टाकी किलोमागे ०.७ लिटर धरली तर ४२ लिटर. हाय-फ्लक्सवर क्लिअरन्स (औषधापासून साफ होणारं रक्त) मिनिटाला १०० मिली धरू, चार तासांत २४ लिटर रक्त या औषधापासून साफ. २४ भागिले ४२ म्हणजे ०.५७, त्या हिशेबाने ५६ टक्के उरतं. सेशन संपताना लेव्हल २७ च्या आसपास. खरी गंमत पुढे आहे. ऊतींमधलं औषध पुढच्या काही तासांत परत रक्तात येतं आणि आकडा तिशीच्या आसपास किंवा जरा वर जातो. सुई काढताना घेतलेला नमुना पाहून "२७ झाली, डोस द्या" म्हणाल तर चूक. नमुना सहा तासांनी घ्या, किंवा सरळ पुढच्या सेशनच्या आधी.

ज्याची किडनी चांगली आहे त्याच्यात व्हॅन्को ४८ आली म्हणून मशीन लावायचं नसतं. त्याचं निम्मं औषध चार ते सहा तासांत लघवीतून जातं. किडनी पूर्ण बंद असलेल्या माणसात निम्मं व्हायला सरासरी साडेसात दिवस लागतात. मशीनचा विचार त्याच्यासाठी.

अमिकासिनमध्ये लवकर हालचाल करावी लागते. मशीनवर चार ते सहा तासांत निम्मं निघतं, पण आतल्या कानाला झालेली इजा लेव्हल उतरल्यावरही भरून येत नाही.

लोखंडी_पूल (डायलिसिस तंत्रज्ञ)
डॉक्टरसाहेबांनी १०० मिली क्लिअरन्स धरला तो कागदावरचा. मशीनवर तेवढा मिळतो का, ते पाहा जी.

पहिलं, रियूज. फायबरचं (डायलायझरच्या आतल्या बारीक नळ्यांचं) आयतन नव्या डायलायझरच्या ८० टक्क्यांखाली आलं तं तो फेकायचा. नवा असताना ११० मिली असेल तं ८८ च्या खाली नको. हा झाला युरियाचा नियम. हाय-फ्लक्सचा मोठा रेणू काढायचा गुण त्याच्या आधीही घटू शकतो, कारण पेरॅसिटिक ॲसिडने निर्जंतुक होतं पण भोकांवर बसलेला प्रथिनांचा थर तसाच राहू शकतो. म्हणून औषध मुद्दाम काढायचं असेल तेव्हा नवा डायलायझर घ्या. तिथे काटकसर नको.

दुसरं, कॅथेटर. मांडीतलं आखूड, २० सेंटीमीटरच्या आतलं कॅथेटर असेल तं साफ झालेलं रक्त परत आत ओढलं जातं. त्यात रक्त येत नाही म्हणून लाल-निळी अदलाबदल केली तं बाप्पा, तेच ते रक्त गोल फिरते. स्क्रीनवर पंप ३०० दिसते, औषध मात्र अंगातच.

तिसरं, हेपरिनशिवायचं सेशन. फायबरमध्ये काळ्या रेघा दिसायला लागल्या, व्हीनस प्रेशर चढायला लागलं की समजा पडदा कमी झाला. दर अर्ध्या तासाने १०० ते २०० मिली सलाइनने धुवा आणि तेवढं यूएफमध्ये धरा.

चौथं आपल्या नागपूरचं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापून येते. मशीन पाणी गरम करू शकते, थंड करू शकत नाही. टेंपरेचरचा अलार्म आला की डायलायसेट बायपासला जाते, म्हणजे डायलायझरला वगळून बाहेर जाते. रक्त फिरत राहते, पंपाचा आवाज तोच, पेशंटलाही काही कळत नाही, पण त्या वेळात औषध काहीच निघत नाही. कंडक्टिव्हिटीच्या (डायलायसेटमधल्या क्षारांच्या) अलार्मचंही तेच. चार तासांत चाळीस मिनिटं बायपास गेली असतील तं ती मोजून पुढे वाढवा, आणि फाइलमध्ये "४ तास" न लिहिता खरे तास लिहा. आरओची (शुद्ध पाण्याच्या यंत्राची) टाकी सावलीत घेतली तं निम्मा त्रास वाचते.

पाचवं, इंजेक्शन कुठे टोचता? शेवटच्या तासात औषध द्यायचं असेल तं व्हीनस चेंबरमध्ये. आर्टेरियल बाजूने दिलं तं ते आधी डायलायझरमधून जाते. पेशंटच्या आधी नालीला डोस मिळतो.

धंतोली_युनिट
सगळ्यांचे आभार. बायपासची मिनिटं आम्ही कधीच मोजली नाहीत. आता दोन शंका. आमचे निम्म्याहून जास्त पेशंट आठवड्यातून दोनदाच येतात, सोमवार-गुरुवार. पुस्तकातले डोस तीन वेळांच्या हिशेबाने असतात. आणि आयसीयूत आठ तासांचं स्लेड (हळू वेगाचं लांब डायलिसिस) लावतो, तिथे काय?

औषधांच्या_खोलीतून
दोनदा येणाऱ्यांचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. सेफाझोलिनचं प्रसिद्ध वेळापत्रक २-२-३ ग्रॅम असं आहे: सोमवारी २, बुधवारी २, शुक्रवारी ३. ते ३ ग्रॅम तीन दिवसांच्या अंतरासाठी आहेत. सोमवार-गुरुवारवाल्याला सोमवारनंतर तीन दिवस मिळतात, ते भागतं. गुरुवारनंतर चार दिवस. ज्याला दिवसाला अर्धा लिटर लघवी अजून होते, त्याचं औषध मधल्या दिवसांतही जात राहतं, म्हणून तो चौथा दिवस कोरडा जाऊ शकतो. अशांना मध्ये एक डोस गावातल्या दवाखान्यात द्यायची सोय करावी लागते किंवा औषध बदलावं लागतं. व्हॅन्को असेल तर अंदाजाने देऊ नका, प्रत्येक सेशनआधी लेव्हल. ती १५ ते २० मध्ये हवी.

स्लेडमध्ये वेग कमी पण वेळ दुप्पट, त्यामुळे एकूण निघणारं औषध साध्या सेशनपेक्षा कमी नसतं, बरेचदा जास्तच. मेरोपेनेमचा दिवसाला एकच डोस तिथे तोकडा पडतो. बारा-बारा तासांनी ठेवून त्यातला एक स्लेड संपल्याबरोबर पडेल असं बघा. सीआरआरटी (रात्रंदिवस सतत चालणारं डायलिसिस) असेल तर हिशेब सोपा: ६० किलोला किलोमागे तासाला २५ मिली म्हणजे १५०० मिली, मिनिटाला २५. मेरोपेनेम जवळजवळ सगळं मोकळं, म्हणून त्याचा क्लिअरन्सही तेवढाच. पण सर्किट रात्री दोनला गोठलं आणि सकाळी आठला नवं लागलं, तर ते सहा तास शून्य. डोस मात्र चालूच असतात. सेफेपिम साचतं ते इथेच.

प्लाझ्मा एक्स्चेंजला (रक्तातला द्रव भाग काढून बदलण्याला) उलटा नियम लागतो हेही तक्त्यात घ्या. तिथे प्रथिनंच काढून टाकतो, त्यामुळे डायलिसिसला न जुमानणारं सेफ्ट्रियाक्झोनही जातं. त्या दिवशी तेही नंतरच.

कोलिस्टिनबद्दल एकच विनंती, मिलिग्रॅम लिहू नका, दशलक्ष युनिट लिहा. १ दशलक्ष युनिट म्हणजे एका हिशेबाने ८० मिलिग्रॅम आणि दुसऱ्या हिशेबाने ३३. दोन्ही आकडे बरोबर, आणि त्यातूनच अडीचपट चूक होते. सुरुवातीला ९ दशलक्ष, नंतर डायलिसिस नसलेल्या दिवशी एकूण २.२५ आणि डायलिसिसच्या दिवशी ३, दोन भागांत. डायलिसिसच्या दिवशी सेशन संपल्यावर.

रात्रपाळी_सिस्टर
लेव्हलच्या नमुन्याबद्दल कुणी बोललं नाही. ज्या कॅथेटरमधून व्हॅन्को दिलं त्यातूनच रक्त घेतलं तर आकडा खोटा येतो. कॅथेटरमध्ये व्हॅन्कोचं लॉक (दोन सेशनच्या मध्ये नळीत भरून ठेवलेलं औषध) असेल तर फारच खोटा. लेव्हल ९० वगैरे आली आणि पेशंट मजेत चहा पितोय, तर आधी नमुना कुठून घेतला ते विचारा. फिस्टुला (डायलिसिससाठी जोडून केलेली शीर) नसलेल्या हाताच्या पंज्यावरच्या शिरेतून घ्यायचा. बाटलीवर वेळ लिहायची, "प्री" किंवा "पोस्ट" आणि पोस्ट असेल तर किती तासांनी. नुसती तारीख असेल तर तो आकडा कुणाच्या कामाचा नाही.

गोंदियावाल्यांसाठी व्हॅन्को शेवटच्या तासात चालू मशीनवर देता येतं, फक्त डोस वाढवून. सेशननंतर देताना किलोमागे १० मिलिग्रॅम, तर हाय-फ्लक्सवर चालू मशीनमध्ये १० ते १५. ६० किलोला ६०० ऐवजी ९०० पर्यंत. पहिला डोस सेशननंतर देताना किलोमागे २५, चालू मशीनवर ३५. वेग तासाला १ ग्रॅमपेक्षा जास्त नाही, नाहीतर चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते आणि बीपी पडतं. ९०० असेल तर पंचावन्न मिनिटं लागतातच, म्हणजे साडेअकराला संपणाऱ्या सेशनमध्ये ड्रिप साडेदहाला सुरू. अकराला आठवण झाली तर घाईने सोडू नका, सेशन संपल्यावर उरलेलं द्या. गाडी पुढची मिळेल.

घरी जाणाऱ्याच्या हातात चिठ्ठी द्या: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता दिलं, पुढचा डोस कधी. नाहीतर गावचा डॉक्टर संध्याकाळी पुन्हा एक अमिकासिन टोचतो. चुकलेला डोस एकवेळ भरून काढता येतो, दोनदा टोचलेलं अमिकासिन पुढच्या गुरुवारपर्यंत अंगातच राहतं.

धंतोली_युनिट
चिठ्ठीचा नमुना उद्या छापायला देतो. तक्ता तीन रकान्यांचा होतोय: "नंतरच", "केव्हाही", "लेव्हल पाहून". आमच्या नेफ्रॉलॉजिस्टची सही झाली की इथे टाकतो. काही चुकलं तर लाल पेनाने खोडा.

लोखंडी_पूल
चौथा रकाना ठेवा जी, "बायपास मिनिटं". तो पेनाने भरायचा.